निळ्या पडद्यामागचा ड्रायव्हर

संगणक वारंवार बंद पडायला लागला की आपल्याकडे पहिला संशय व्हायरसवर जातो. दुसरा विजेच्या चढउतारावर आणि तिसरा वापरणाऱ्यावर. 'तूच काहीतरी दाबलं असशील' हे वाक्य ऐकलं नाही असं घर किंवा ऑफिस सापडणं कठीण. एका काळात मात्र ज्याच्यामुळे विंडोजचे बहुसंख्य संगणक कोसळत होते, त्याचं नाव या संशयितांच्या यादीत क्वचितच असायचं. ते नाव म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर हा शब्द आपण सगळे वापरतो. प्रिंटर घेतला की 'ड्रायव्हरची सीडी द्या' असं दुकानदाराला सांगायचो. पण तो नेमकं काय करतो, हे सांगायची वेळ आली की गाडी अडते. ऑपरेटिंग सिस्टीमला जगातला प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक साउंड कार्ड, प्रत्येक स्कॅनर माहीत असणं शक्य नाही. म्हणून यंत्र बनवणारी कंपनी सोबत एक छोटा प्रोग्राम देते. सिस्टीम म्हणते 'हे पान छाप', आणि हा प्रोग्राम ते वाक्य त्या यंत्राला कळेल अशा संकेतांत सांगतो. थोडक्यात तो दुभाषा आहे. दुभाष्याने चुकीचं भाषांतर केलं तर गैरसमज होतो, एवढंच. हा दुभाषा चुकला तर अख्खा संगणक कोसळतो. असं का, याला एक इतिहास आहे, आणि तो बराचसा माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा आहे.

प्रिंटरवरून सुरू झालेली चळवळ

१९८० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर भेट दिला. प्रिंटर वेगवान होता, पण कागद अडकायचा. तो दुसऱ्या मजल्यावर असला आणि तुम्ही खाली बसलेले असलात, तर आपलं पान छापून झालं की मध्येच अडकलं हे जाऊन बघेपर्यंत कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर तिथे होता. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्याने स्वतः सुधारला होता आणि कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. नव्या प्रिंटरसाठीही तेच करायचं त्याने ठरवलं. पण या वेळी कंपनीने प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, दिलाच नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठात एका प्राध्यापकाकडे आहे असं कळल्यावर स्टॉलमन तिथे गेला. प्राध्यापकाने नकार दिला, कारण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती.

स्टॉलमनला हा नकार फार लागला. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज तिचा इतिहास सांगताना स्वातंत्र्य, नीतिमत्ता असे मोठे शब्द येतात, ते येणं योग्यच आहे. पण मला त्यातली साधी तक्रार जास्त जवळची वाटते. यंत्र माझ्या खोलीत आहे, बिघाड मला दिसतोय, दुरुस्त करायची अक्कल माझ्याकडे आहे. आणि तरीही मला हात लावता येत नाही, कारण ड्रायव्हर बंद पेटीत आहे. ड्रायव्हरबद्दलच्या प्रत्येक भांडणात ही तक्रार या ना त्या रूपात परत येते.

त्याच सुमारास घरगुती संगणकाचा बाजार वेगळ्या वाटेने चालला होता. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला. डॉसच्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरने आपली व्यवस्था आपण बघायची, असा मामला होता. वर्डपरफेक्टसारखा शब्दलेखनाचा प्रोग्राम शेकडो प्रिंटरचे ड्रायव्हर स्वतःसोबत घेऊन यायचा. १९८३ च्या डॉस २.० मध्ये 'कॉन्फिग डॉट सिस' या फाइलीत 'डिव्हाइस' अशी एक ओळ लिहून बाहेरचा ड्रायव्हर बसवायची सोय झाली. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकाचा कोर्स केला, त्यांना ती फाइल आठवत असेल. माउस चालावा म्हणून एक ओळ, जास्तीची मेमरी मिळावी म्हणून एक ओळ, आणि ओळींचा क्रम चुकला की सगळंच ठप्प.

डॉसमध्ये कुणालाच कुणापासून संरक्षण नव्हतं. कुठलाही प्रोग्राम मेमरीत कुठेही लिहू शकायचा. त्यामुळे ड्रायव्हर वाईट होता की प्रोग्राम, हा प्रश्नच फारसा पडायचा नाही. मशीन हँग झालं की बटण दाबून परत सुरू करायचं.

आतला वाडा, बाहेरचा वाडा

इंटेलने ८०२८६ (१९८२) आणि नंतर ८०३८६ (१९८५) या प्रोसेसरांत संरक्षणाचे चार थर दिले. त्यांना रिंग म्हणतात. रिंग शून्य म्हणजे सर्वांत आतलं माजघर, जिथून सगळ्या घराच्या किल्ल्या चालतात. रिंग तीन म्हणजे बाहेरची ओसरी. विंडोजने या चारांपैकी दोनच वापरल्या. आपले रोजचे प्रोग्राम ओसरीवर आणि सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, माजघरात. ओसरीवरच्या प्रोग्रामने आगळीक केली तर त्याला एकट्याला बाहेर काढता येतं, बाकीचं घर चालू राहतं. माजघरातल्याने आगळीक केली तर त्याला अडवणारा कुणी उरत नाही.

मग ड्रायव्हर कुठे बसवायचा? यंत्राशी थेट बोलायचं म्हणून आणि वेग हवा म्हणून त्याला माजघरात घेतलं गेलं. गंमत अशी की माजघर बांधणारे इंजिनियर एका कंपनीचे आणि आत येणारा ड्रायव्हर कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीने घाईघाईत लिहिलेला. त्याच्यावर विश्वास मात्र घरच्या माणसाइतकाच.

असं करू नका म्हणणारे होते. १९९२ च्या जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबाम हे ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक आणि लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीचा विद्यार्थी यांच्यात एक वाद झाला, तो संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. कर्नेल अगदी लहान ठेवावं, बाकी सगळं बाहेर चालवावं, ही टॅनेनबाम यांची बाजू. टोरवाल्ड्सने लिनक्स मात्र एकसंध बांधलं, ड्रायव्हरसकट. बाजारात लिनक्स जिंकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. टॅनेनबाम मागे हटले नाहीत. २००५ मध्ये त्यांनी मिनिक्स ३ आणलं. त्यात ड्रायव्हर ओसरीवरच राहतो, आणि एखादा मेला तर त्याला पुन्हा उभं करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याचं नाव त्यांनी रीइनकार्नेशन सर्व्हर ठेवलं, पुनर्जन्म देणारा!

मायक्रोसॉफ्टची गोष्ट जास्त बोधक आहे. १९८८ मध्ये त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून डेव्ह कटलर यांना आणलं आणि १९९३ मध्ये विंडोज एनटी बाहेर पडलं. डॉसच्या पायावर उभ्या असलेल्या विंडोजपेक्षा ही बांधणी कितीतरी मजबूत होती. सुरुवातीच्या एनटीमध्ये चित्र काढण्याची, म्हणजे ग्राफिक्सची, व्यवस्था कर्नेलच्या बाहेर होती. पण ती संथ वाटत होती. म्हणून १९९६ च्या एनटी ४.० मध्ये ग्राफिक्स आणि त्याचे ड्रायव्हर आत आणले गेले. पडदा चपळ झाला. बदल्यात व्हिडिओ कार्डाच्या ड्रायव्हरमधली एक चूक अख्खा सर्व्हर पाडू शकेल, अशी व्यवस्था झाली. पुढे दहा-अकरा वर्षांनी विस्टामध्ये त्या ड्रायव्हरचा मोठा भाग परत ओसरीवर पाठवावा लागला.

निळा रंग

आता त्या प्रसिद्ध पडद्याबद्दल. २०१४ मध्ये 'निळा पडदा स्टीव्ह बाल्मरने लिहिला' अशी बातमी जगभर फिरली. मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रामर रेमंड चेन यांना खुलासा करावा लागला. बाल्मर यांनी विंडोज ३.१ मधल्या कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या पडद्यावरचा मजकूर लिहिला होता. विंडोज ९५ चा निळा पडदा चेन यांनी शेवटच्या रूपात आणला. आणि खरा प्राणघातक पडदा, म्हणजे एनटीचा, जॉन व्हर्ट यांनी लिहिला. निळा का? व्हर्ट ज्या मिप्स यंत्रावर काम करत होते त्याचं फर्मवेअर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचं होतं, आणि त्यांचा एडिटरही तसाच. त्यामुळे सुरू करणं, कोड लिहिणं आणि कोसळणं, सगळं एकाच रंगात. त्यात यापेक्षा खोल अर्थ काही नाही.

या पडद्याविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे की तो म्हणजेच रोग. तो रोग नव्हे, पहारेकरी आहे. उदाहरणार्थ 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' हा संदेश घ्या. कर्नेलमध्ये कामांना तातडीच्या पायऱ्या असतात. तातडीच्या वरच्या पायरीवर असताना ड्रायव्हरने फक्त प्रत्यक्ष मेमरीत हजर असलेल्या जागेलाच हात लावायचा, डिस्कवर बाजूला ठेवलेल्या पानाला नाही, असा नियम आहे. ड्रायव्हरने चुकीचा पत्ता वापरून तो नियम मोडला की कर्नेलला कळतं की आत कुणीतरी भलतीकडे हात घालतंय. अशा वेळी चालू राहिलं तर तो बिघडलेला मजकूर तुमच्या फाइलींवर लिहिला जाऊ शकतो. म्हणून सिस्टीम स्वतःहून थांबते, शेवटची स्थिती डिस्कवर नोंदवते आणि पडदा निळा करते.

२० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर होते. विंडोज ९८ यायचं होतं आणि त्यांचा सहकारी ख्रिस कॅपोसेला यूएसबीने स्कॅनर जोडून दाखवत होता. जोडताच विंडोज त्याला ओळखेल आणि ड्रायव्हर बसवेल, हेच तर दाखवायचं होतं. जोडला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला. प्रेक्षक हसले, टाळ्या पडल्या. म्हणूनच आम्ही अजून हे विकायला काढलेलं नाही, अशा अर्थाचं बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. ती चित्रफीत लोक आजही विनोद म्हणून बघतात. मला मात्र ती बघताना वाटतं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, त्याचे उत्तम इंजिनियर, सराव केलेला कार्यक्रम, आणि तरी ही वेळ. मग आमच्या गावातल्या माणसाने काय करायचं?

फॉरमॅट मारा

आमच्या गावातल्या माणसाने काय केलं, ते मी जवळून बघितलं आहे. सोलापुरात माझ्या मामूंचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका. मराठी, उर्दू, कधी कन्नडही. २००३ च्या सुमारास दुकानात असेंबल केलेला पेंटियम ४ आला, त्यावर एक्सपी. महिनाभरात तो कोसळायला लागला. दिवसातून तीनदा, चारदा. पडदा क्षणभर निळा लकाकायचा आणि मशीन आपोआप परत सुरू व्हायचं. तोवर जुळवलेला मजकूर गेलेला.

सर्व्हिसवाला आला. त्याने 'व्हायरस आहे' सांगितलं आणि फॉरमॅट मारला. तीन दिवसांनी तेच. मग त्याने रॅम बदलली. मग एसएमपीएस. मग पुन्हा फॉरमॅट. प्रत्येक खेपेला पैसे, आणि प्रत्येक फॉरमॅटमध्ये गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइलींपैकी काही ना काही उडायचं. लग्नसराई तोंडावर होती. एका गिऱ्हाइकाच्या पत्रिका वेळेवर गेल्या नाहीत आणि त्याने दुकानात येऊन मामूंना चार लोकांसमोर नको ते सुनावलं. मामूंना यंत्राचा राग येत नव्हता, स्वतःचाच येत होता. मला म्हणाले, "बेटा, मेरे हाथ में ही कुछ खराबी है. पुराने खिळे जुळवणाऱ्या माणसाने या भानगडीत पडायलाच नको होतं."

त्या काळात मी कॉलेजला होतो आणि सुट्टीत दुकानात बसायचो. मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. मशीन कधी पडलं आणि त्या क्षणी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. मामूंची सवय शिस्तीची, त्यांनी आठवडाभर मिनिटांसकट लिहिलं. वही बघितल्यावर दिसलं की सतरापैकी पंधरा वेळा प्रिंटची आज्ञा दिल्यावर लगेच मशीन कोसळलं होतं. व्हायरस काही प्रिंटची वाट बघत बसत नाही.

एक्सपीमध्ये कोसळल्यावर आपोआप परत सुरू व्हायची खूण आधीपासूनच केलेली असायची. त्यामुळे निळा पडदा वाचायला मिळतच नसे. 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्ड या भागात ती खूण काढली. पुढच्या वेळी पडदा थांबला आणि त्यावर एका फाइलीचं नाव आलं, शेवटी 'डॉट सिस'. ते नाव प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नव्हतं. ते होतं डोंगलच्या ड्रायव्हरचं.

डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून दिलेलं कुलूप. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये ते बसवायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल लावायची. म्हणजे एकाच दारातून दोघांची ये-जा. अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर सारखं कुलपाला विचारत राहणार 'आहेस ना?', आणि त्याच वेळी प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच दाराने पान पाठवणार. कुलपाचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी लिहिलेला होता, एक्सपीच्या माजघरात तो धक्काबुक्की करत होता. आणि दर फॉरमॅटनंतर सर्व्हिसवाला त्याच सीडीवरून तोच ड्रायव्हर परत बसवत होता. अशाने चार काय, चाळीस फॉरमॅट मारले असते तरी फरक पडला नसता.

कुलूप बनवणाऱ्याच्या साइटवर एक्सपीसाठीचा नवा ड्रायव्हर होता. नाक्यावरच्या सायबर कॅफेत तो डाउनलोड केला, फ्लॉपीवर आणला, सेफ मोडमध्ये जुना काढला, नवा बसवला. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर विंडोज सुरू करणं. खात्री म्हणून रात्रभर मेमरीची चाचणीही लावून ठेवली, रॅम शुद्ध निघाली. त्यानंतर ते मशीन प्रिंट देताना एकदाही पडलं नाही.

त्या सॉफ्टवेअरचे मामूंनी पूर्ण पैसे मोजले होते, पावती होती. बाजारात कुलूप तोडलेली चोरीची प्रत शंभर रुपयांच्या सीडीवर मिळत होती आणि ती वापरणाऱ्यांची मशीनं निवांत चालत होती. प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या माजघरात पहारेकरी बसवायचा आणि त्याने घर पाडायचं, हा प्रकार आमच्या दुकानापुरता नव्हता. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींवरून असंच झालं. कॉपी रोखण्यासाठी त्या सीडी लोकांच्या संगणकात न सांगता कर्नेलच्या पातळीवरचा लपलेला ड्रायव्हर बसवत होत्या. मार्क रसिनोविच यांनी ते ३१ ऑक्टोबरला उघड केलं, आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या.

मोजायला लागल्यावर

मायक्रोसॉफ्टला या सगळ्याची किती कल्पना होती? कल्पना होती, आकडे नव्हते. एक्सपीमध्ये कोसळण्याचा अहवाल कंपनीला पाठवायची सोय आली आणि आकडे दिसू लागले. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्मर यांनी लिहिलं की एक टक्का दोषांमुळे निम्म्या चुका घडतात. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मायकेल स्विफ्ट आणि सहकाऱ्यांनी नूक्स या प्रकल्पावर निबंध वाचला. एक्सपीच्या नोंदवल्या गेलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, हा आकडा त्यात आहे. लिनक्सची बाजूही फार वेगळी नव्हती. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकी कर्नेलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघालं.

हे आकडे वाचताना एक गोष्ट मनात येते. अहवाल जायला इंटरनेट लागायचं. आमच्या भागात तेव्हा डायल-अप होतं, तेही सायबर कॅफेत. आणि बहुतेक दुकानांतलं विंडोज अधिकृत नसल्याने कुणी 'सेंड'चं बटण दाबायच्या फंदात पडत नसे. मामूंच्या वहीतले सतरा क्रॅश त्या हिशोबात कधीच गेले नाहीत. भारतातल्या, बांगलादेशातल्या, आफ्रिकेतल्या असेंबल केलेल्या मशीनांचा हिशोब अमेरिकेतल्या टक्केवारीत कितपत उतरला असेल, याबद्दल मला शंका आहे.

उपाय मात्र दोन अंगांनी झाले. विंडोज २००० मध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर आला. हे हत्यार संशयित ड्रायव्हरला मुद्दाम छळतं, त्याला मेमरी कमी देतं, त्याच्या हद्दीला कुंपण घालतं, आणि पहिलं चुकीचं पाऊल पडताच सिस्टीम थांबवून त्याला नावानिशी पकडतं. आजही वारंवार कोसळणाऱ्या मशीनचा तपास करणारे ते वापरतात. घरच्या मशीनवर लावायचं असेल तर आधी सेफ मोडमध्ये कसं जायचं हे शिकून घ्या, कारण संशयित सुरुवातीलाच चुकला तर मशीन पूर्ण सुरू व्हायच्या आतच परत परत पडत राहतं.

दुसरा उपाय जास्त खोल होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी स्लॅम नावाचा प्रकल्प केला. ड्रायव्हर चालवून बघण्याऐवजी त्याचा कोड गणिती पद्धतीने तपासायचा, आणि 'घेतलेलं कुलूप प्रत्येक वाटेवर परत सोडलं आहे का' यासारखे नियम कुठल्याही वाटेने मोडतात का हे शोधायचं. त्यातूनच ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीचा स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर निघाला. राजामणी पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. आपल्याकडे संगणकवाल्यांचं कौतुक पगाराच्या पॅकेजवर होतं, अशा कामाचं फार होत नाही.

तरी २००७ मध्ये विस्टा आलं तेव्हा जुनीच कथा घडली. ड्रायव्हरची नवी बांधणी होती आणि कंपन्यांची तयारी अपुरी. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, त्यात नोंदवलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. लोकांनी शिव्या विस्टाला घातल्या. त्याच विस्टाने ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला तर फक्त त्यालाच परत उभा करायची सोय आणली होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता पूर्ववत झाला आहे' असा संदेश ज्यांनी बघितला आहे, त्यांचा एकेक निळा पडदा वाचला आहे.

विस्टाच्या ६४-बिट आवृत्तीत कर्नेलमध्ये येणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. सही कोणाची हे कळतं. काम बरोबर आहे का हे त्यातून कळत नाही. २०१० मध्ये इराणच्या अणुकेंद्रावर हल्ला करणारा स्टक्सनेट सापडला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या.

१९ जुलै २०२४

शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. फाल्कनचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये बसतो, कारण पहारा द्यायचा तर माजघरातूनच द्यायला हवा अशी त्यामागची भूमिका. ड्रायव्हरवर सही होती, तो तपासलेलाही होता. पण रोज येणारी ही माहितीची फाइल त्या तपासणीतून जात नव्हती. तिच्यात २१ रकाने धरले होते आणि ड्रायव्हरमधल्या कोडला मिळत होते २०. एकविसावा वाचायला तो हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि कर्नेलने नियमाप्रमाणे सगळं थांबवलं. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनं कोसळली होती. विमानं रद्द झाली, रुग्णालयांतली कामं अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि लोकांनी त्यांचे फोटो काढून ठेवले.

त्या दिवशी जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी जो उपाय केला, तो सेफ मोडचाच होता. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा, ठरावीक फोल्डरमध्ये जा, २९१ क्रमांकाची ती फाइल पुसा, परत सुरू करा. कोसळलेल्या मशीनपर्यंत दुरून पोचणं बहुतेक ठिकाणी शक्य नव्हतं. म्हणून माणसं एकेका टेबलाशी, एकेका काउंटरशी जाऊन हे करत होती. जिथे डिस्क कुलूपबंद होती तिथे आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधावी लागत होती, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हरच निळा पडला होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना बोलावून बैठक घेतली, आणि पुढच्या वर्षी पहारेकऱ्यांना कर्नेलच्या बाहेरून काम करता येईल अशी व्यवस्था निवडक कंपन्यांना चाचणीसाठी द्यायचं जाहीर केलं. टॅनेनबाम यांनी १९९२ मध्ये मांडलेली बाजू तेहतीस वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आली आहे. त्याच २०२५ मध्ये विंडोज ११ चा निळा पडदाही काढून टाकला. आता तो काळा आहे. २०१२ पासून असलेला रडका चेहरा गेला. मजकूर थोडा आहे: अडचण आली, मशीन परत सुरू होतंय. खाली थांबण्याचा संकेत येतो, आणि सिस्टीमला कळलं असेल तर दोषी ड्रायव्हरच्या फाइलीचं नावही. ते फार वेळ थांबत नाही, म्हणून मोबाइलने फोटो काढून ठेवावा.